लंगोट की डायपर? माझं ऐकशील तर दोन्ही

अगं, एकच निवडायचं असं कुणी सांगितलं? दिवसा घरी लंगोट, रात्री आणि दवाखान्यात जाताना डायपर, एवढं साधं ठेव.

सुरुवातीला लंगोटाचा मोठा फायदा म्हणजे बाळाने शू किती वेळा केली ते लगेच कळतं. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा तरी व्हायला हवी. कमी वाटली तर डॉक्टरांना विचार. डायपरमध्ये हा हिशेब लागत नाही.

लंगोट जुन्या सुती साडीचे शिव, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. डझनभर पुरतात म्हणणाऱ्यांनी बहुधा कोकणातला पावसाळा पाहिलेला नसतो! दोन डझन तरी हवेतच. धुताना सॉफ्टनर घालू नकोस, कापड पाणी शोषेनासं होतं. दमट राहिले तर इस्त्री फिरव.

डायपर दिवसा दोन-तीन तासांनी बदल, फुगेपर्यंत थांबू नकोस. शी झाली तर तत्क्षणी. पुसून, कोरडं करून थोडा वेळ उघडंच राहू दे. पावडर मात्र नको, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. ती बाळाच्या श्वासात जाते. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा टाक, संडासात तर मुळीच नाही.