‘शिष्टाई’ की ‘अंतस्थ बोलणी’?

प्रश्न असा आहे: डिसेंबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे काउंट मेन्सडॉर्फ आणि ब्रिटनच्या युद्ध मंत्रिमंडळातले जनरल स्मट्स जिनिव्हात गुपचूप भेटले. त्याबद्दल ‘मुत्सद्दी मेन्सडॉर्फ शिष्टाईसाठी जिनिव्हाला गेले’ असं लिहिलं तर चालेल का?

‘शिष्टाई’ मला इथे अजिबात पटत नाही. शिष्टाई म्हटली की मराठी माणसाला कृष्ण आठवतो, नाहीतर अंगद. दोघेही भरसभेत बोलले. कोण आलाय, कोणाकडून आलाय, काय मागतोय, हे सगळ्या दरबाराला ठाऊक होतं. शिवाय शिष्टाई बहुधा युद्ध टळावं म्हणून होते. जिनिव्हाची भेट झाली तेव्हा महायुद्धाचं चौथं वर्ष चालू होतं, आणि तिचा बोभाटा झाला असता तर ऑस्ट्रियाची मित्र जर्मनीपुढे पंचाईत झाली असती. अशा व्यवहाराला मराठेशाहीच्या भाषेत फार नेमका शब्द होता, ‘अंतस्थ’, म्हणजे आतून, गुपचूप. अंतस्थ बोलणं लावणं, अंतस्थ संधान बांधणं. हा शब्द आपण वापरातून घालवला याची मला खरंच हळहळ वाटते.

‘गुप्त वाटाघाटी’ चूक नाही. पण वाटाघाटी म्हटल्या की कलमं आणि देवघेव आली. जिनिव्हात मुख्यतः एकमेकांचा अंदाज घेणं चाललं होतं. ऑस्ट्रिया जर्मनीपासून फुटेल का, हे स्मट्सना पाहायचं होतं. मेन्सडॉर्फ यांनी त्याला नकार दिला आणि सगळ्यांचा मिळून तह व्हावा असं बोलणं काढलं. म्हणून ‘बोलणी’च बरी.

आता ‘मुत्सद्दी’. पूर्वी लेखणीवर चाकरी करणारा तो मुत्सद्दी, तलवारीवर करणारा तो शिपाई. आज मात्र या शब्दात चातुर्याची पावती असते, हुद्दा नसतो. मेन्सडॉर्फ यांचा तर पेशाच हा. १९०४ पासून युद्ध सुरू होईपर्यंत ते लंडनला राजदूत होते. त्यांना ‘राजनैतिक अधिकारी’ म्हणा. ‘राजकीय अधिकारी’ नको, त्याने अर्थ राजकारणाकडे झुकतो. १९१७ मध्येच ऑस्ट्रियाचा सम्राट कार्ल याचं पत्र फ्रेंचांपर्यंत नेणारा राजपुत्र सिक्स्टस हा सम्राटाचा मेहुणा, राजनैतिक सेवेतला नव्हेच. त्याला ‘मध्यस्थ’ शोभेल.

‘वकील’ हा जुना शब्द राजदूत आणि मध्यस्थ या दोन्ही कामांना पुरला असता, पण आता तो कोर्टात गेला. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘माजी राजदूत मेन्सडॉर्फ तहाच्या अंतस्थ बोलण्यांसाठी जिनिव्हाला गेले.’