माळ्यावरची जुनी बंदूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर एक लांब ठासणीची बंदूक सापडली. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, 'व्ही आर', पुढे 'टॉवर' आणि १८५६ असं कोरलंय. नळीला तीन कड्या आहेत. घरात तिला 'सत्तावनची बंदूक' म्हणतात. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ओळख पटवण्याआधी ती भरलेली नाही ना, हे बघावं लागेल. ठासणीच्या बंदुका भरून ठेवायची पद्धत होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनीही पेट घेते. घोडा ओढू नका, चापाला बोट लावू नका. नळीचं तोंड कोणाकडेही, स्वतःकडेही, नको. बाजूला उभं राहून एक सरळ लाकडी काठी हलकेच आत सोडा. ती टेकली की नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा. आता तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचं टोक केप (घोडा आपटल्यावर ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसते त्या बोंडाच्या आसपास पोचलं तर बंदूक रिकामी आहे. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत दारू-गोळी आहे असंच धरा. कधी तो नुसता गंज किंवा कुंभारमाशीचं घर असतं, पण खात्री आपण करायची नाही. पाणी ओतणं, तापवणं, ड्रिल लावणं यातलं काहीही न करता पोलीस ठाण्याला कळवा. त्यांच्याकडचा शस्त्रांचा जाणकार येऊन बघेल.

रिकामी असेल तर टेप घ्या. एकूण लांबी सुमारे ५५ इंच, नळी ३९ इंच आणि नळीचं भोक .५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर भरलं, तर ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. चरबीच्या काडतुसांचं प्रकरण याच रायफलीवरून पेटलं. आता तोंडापाशी बॅटरी धरून नळीत बघा. अस्सल १८५३ मध्ये तीन पन्हळी, म्हणजे नळीच्या आतल्या खाचा, पिळत आत जाताना दिसतात. नळी गुळगुळीत असेल आणि मागची माशी (नेम धरायची खूण) घडीच्या शिडीऐवजी साधी असेल, तर ती बहुधा उठावानंतर हिंदी पलटणींसाठी काढलेली बिनपन्हळीची बंदूक. देशी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची रायफल नको, म्हणून सरकारने ती मुद्दाम तशी करून घेतली होती. तिला कमी लेखू नका. आपल्या इतिहासाच्या दृष्टीने ती जास्त बोलकी आहे.

१८५६ हे त्या कळीच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, पट्टीचं साल. बंदूक इथे कधी आली हे त्यावरून ठरत नाही, त्यामुळे 'सत्तावनची' म्हणायला कागद किंवा पलटणीची खूण लागेल. ती खूण दस्त्याच्या पितळी पट्टीवर शोधा. नळीच्या बुडाशी डावीकडे २४ किंवा २५ आकडा असेल तर तो अनुक्रमांक नव्हे, ते भोकाचं माप आहे. मुकुटाऐवजी मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह असेल तर कळ ईस्ट इंडिया कंपनीची. बदामाच्या आकारातली कंपनीची अक्षरं त्याहून जुनी, १८०८ च्या आधीची, आणि ती चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुकांवर सापडतात.

कळीच्या पाठीमागे कारागिराचा शिक्का मिळतो, पण ती काढताना हमखास लाकूड फुटतं. कारण लोक कळ बाहेरून उचकटतात. डाव्या बाजूचे दोन स्क्रू खाचेत घट्ट बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने फक्त दोन-दोन फेरे सैल करा. मग त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने आळीपाळीने हलकं ठोका. कळ समान सरकली की मग स्क्रू पूर्ण काढा. स्क्रू हलत नसेल तर तेलाचा थेंब सोडून दोन दिवस थांबा.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या नावावरच्या परवान्यात एक रायफल आहे. दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडावर 'जी आर आय', 'इशापूर' आणि १९४२ आहे. अँटिक म्हणून घरात ठेवता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. ही थ्री-नॉट-थ्री, म्हणजे शॉर्ट ली-एन्फिल्ड, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. ती आजही चालते आणि तिचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, प्रतिबंधित आहे. जुनाट नमुन्याच्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. ती इथे लागू होत नाही. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षांची शिक्षा आहे. म्हणून विलंब न करता रायफल आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. मग मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांची लेखी संमती जोडून वारस म्हणून अर्ज करा. प्रतिबंधित बोअर असल्याने प्रकरण केंद्रीय गृहखात्यापर्यंत जाईल. वारसाहक्काने आली तरी एका व्यक्तीकडे एकूण दोनच बंदुका, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीला एकाने चांगली किंमत सांगितली. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, इकडे पाठव. किंमत कशी काढायची?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : परदेशी पाठवायचा विचार सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी लिलावांचे आकडेही इथे उपयोगाचे नाहीत, कारण तिथला ग्राहक इथे नाही. इथे घेणारा परवानाधारकच हवा, आणि 'चांगली किंमत' सांगणाऱ्याने परवाना दाखवला नसेल तर बोलणी थांबवा.

मोल तीन गोष्टींवर ठरतं : भाग मूळचे आहेत का, शिक्के स्पष्ट आहेत का, आणि ती आपल्या घरात कशी आली याचा कागद आहे का. मार्टिनीमध्ये वायव्य सरहद्दीवरच्या गावठी कारागिरांच्या नकला फार. अक्षरं उलटी किंवा वाकडी ठोकलेली असतात, मुकुट विचित्र असतो, आणि कधी 'व्ही आर'खाली १९०१ नंतरचं साल असतं. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि ती जानेवारी १९०१ मध्ये वारली, तेव्हा असा शिक्का सरकारी असूच शकत नाही. नक्कल असली तरी ती शंभर वर्षं जुनी असू शकते, पण तिला नक्कल म्हणूनच भाव. त्यातून गोळी मात्र कधीच झाडू नये, पोलाद भरवशाचं नसतं.

प्रश्न : खंडेनवमीला बंदूक चकचकीत करून पूजेत ठेवतो. कशाने घासावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घासूच नका. पॉलिश पेपर, चिंच, पितळ उजळायची पूड, सगळ्याने शिक्क्यांच्या कडा जातात आणि लोखंडावरचा तपकिरी थर निघतो. तो थर परत येत नाही, आणि त्याबरोबर मोलही जातं. मऊ सुती कापडावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब घेऊन लोखंड पुसा, लाकडाला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. हातमोजे घाला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात. पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू आणि फुलं लोखंडावर न ठेवता खालच्या कापडावर वाहा. ठसा पडलाच असेल तर त्याच दिवशी कोरड्या कापडाने टिपून तेल लावा.