डोळे उजळताना हात जरा आखडता घे

नवरात्रातले तुझे पोर्ट्रेट पाहिले. चेहरे छान आलेत, पण डोळे ट्यूबलाइटसारखे पेटलेत. डोळ्याचा पांढरा भाग तू शुभ्र करून टाकलास ना, तिथेच गडबड झाली. तो भाग मुळात पूर्ण पांढरा नसतोच. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते म्हणून डोळा गोल दिसतो. ती पुसली की सपाट.

मी फोटोशॉपमध्ये कर्व्ह्‌जचा (उजेड कमीजास्त करायचा) वेगळा लेयर, म्हणजे फोटोवरचा थर, घेतो, त्याचा मास्क काळा करतो, म्हणजे परिणाम आधी पूर्ण झाकतो, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो (ब्रशचा जोर) १० टक्क्यांच्या आसपास ठेवून, फक्त बुबुळ उजळतो. तेही सगळं नाही. उजेड वरून डावीकडून आला असेल तर खालचा उजवा भाग तेवढा. बुबुळाची गडद कड आणि डोळ्यातली चमक तशीच राहू दे. पांढऱ्या भागातल्या लाल शिरा हीलिंग ब्रशने (डाग पुसायच्या ब्रशने), रिकाम्या लेयरवर काढ. सगळ्या काढू नकोस. तिथला पिवळेपणा सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) थोडं उतरवलं की जातो. मग या लेयरची ऑपॅसिटी (ठळकपणा) निम्मी करून पूर्ण फोटो लांबून बघ.

खरं सांगू? सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत झाडाच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून माणूस उभा कर. चमक आपोआप येते. भर दुपारी मात्र नको, भुवयांची सावली डोळ्यांत भरते.