अंगाच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव : पुन्हा टाके का उघडले नाहीत?

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या. अंग बाहेर येत होतं म्हणून खालून (योनीमार्गातून) ऑपरेशन झालं. त्याच रात्री उजव्या कुल्ल्यात असह्य कळा, बीपी ९० वर, हिमोग्लोबिन ११ चं ७. डॉक्टरांनी सीटी काढून दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे जांघेतून नळी घालून कॉइल (धमनी बुजवणारी बारीक तारेची गुंडाळी) बसवली. नातेवाईक म्हणतात, पहिल्याच हॉस्पिटलात टाके उघडून शिवायला हवं होतं. कॉइल सरकेल का? बसताना अजून दुखतं. – एक सून, कराड

उत्तर : कळा कुल्ल्यात होत्या, त्यावरून अंग माकडहाडाजवळच्या सॅक्रोस्पायनस लिगामेंटला (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला) टाचलं असावं. त्याच्या मागूनच कुल्ल्याकडच्या धमन्या जातात. एखादी दुखावली की आखडून आत जाते. खालून सर्जनचं बोट तिथवर पोचतं, नजर नाही. त्यात साचलेल्या रक्ताची गाठ मोकळी केली की तिचा दाबही जातो आणि रक्त उसळतं. पोटातून मुख्य धमनी बांधली तरी आडवाटेने रक्त येतच राहतं.

आम्ही रेडिओलॉजिस्ट जांघेतल्या धमनीतून साधारण दीड मिलिमीटरची नळी नेतो, तिच्यातून आणखी बारीक. पेशंट बहुधा जागाच असतो. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की पडद्यावर सगळ्या शाखा उमटतात आणि लगेच पुसट होतात. फुटलेल्या जागी मात्र काळा डाग राहतो, पसरतो. तिथे प्लॅटिनमची कॉइल, जेलफोम (स्पंजसारखा पदार्थ) किंवा ग्लू सोडून धमनी बुजवतो. अर्थात, शिरेतून झिरपणारं रक्त यात दिसत नाही. लघवी गळते म्हणून मूत्रनळीखाली आधाराची पट्टी (टेप) बसवल्यावर होणारा रक्तस्राव बहुतेकदा तसला असतो, दाबाने थांबतो. आणि रक्त चढवूनही बीपी सावरत नसेल, तर पेशंटला गावभर फिरवू नये, सरळ ऑपरेशन थिएटरात घ्यावं. तुमच्याकडे सीटीपुरता वेळ होता. सर्जननी तो नेमका वापरला. याला हात वर करणं म्हणत नाहीत.

कॉइल धमनीपेक्षा किंचित मोठी घेतात, तिच्याभोवती रक्त गोठतं. बसली की सहसा हलत नाही. प्लॅटिनमची असेल तर एमआरआयही चालतो, पण डिस्चार्ज कार्ड दाखवा.

दुखण्याचं मात्र मनावर घ्या. साकळलेलं रक्त विरायला काही आठवडे लागतात, तेवढं दुखणारच. पण बसताना सुईसारखी कळ येत असेल, जागा बधिर वाटत असेल, तर टाक्यात नस (मज्जातंतू) अडकलेली असू शकते. तो टाका कधीकधी काढावा लागतो, म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच लवकर दाखवा. ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर त्याच दिवशी जा. गाठीत पू झाला असेल तर सोनोग्राफीत बघून सुईने काढता येतो.