ब्लू-रे घेतली, तरी चेहरे मेणाचे का?

जुने चित्रपट नव्याने ब्लू-रेवर घेणाऱ्या वाचकांचे या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक असे.

प्रश्न : सत्तरच्या दशकातला आवडता हिंदी चित्रपट ब्लू-रेवर पुन्हा आला म्हणून घेतला. चेहरे मेणाचे वाटतात, केसांचा नुसता गोळा दिसतो आणि माणसांच्या कडेने पांढरी रेघ येते. जुनी डीव्हीडी जास्त जिवंत वाटायची. दोष टीव्हीचा की डिस्कचा? (इंदिरानगर)

उत्तर : दोन्हींचा असू शकतो. आधी टीव्ही निर्दोष करून घ्या, मग डिस्कवर बोट ठेवता येईल. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. 'नॉईज रिडक्शन' आणि 'एमपेग नॉईज रिडक्शन' (चित्रातले ठिपके, खरखर पुसणाऱ्या सोयी) दोन्ही पूर्ण बंद करा. प्लेअरच्या मेनूतही असाच पर्याय लपलेला असतो, तोही बंद. शार्पनेस मात्र डोळे झाकून शून्यावर नेऊ नका. काही टीव्हींत शून्य म्हणजे तटस्थ, तर काहींत मधला आकडा तटस्थ असतो आणि त्याखाली गेलं की चित्र पुसट होतं. पडद्यावर काळी अक्षरं आणा. त्यांच्याभोवतीची पांढरी कड जिथे नाहीशी होते तिथे थांबा. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस या नावाने हालचाल गुळगुळीत करणारं जे असतं ते बंद केलं नाही, तर चित्रपट मालिकेसारखा दिसतो. प्लेअरमध्ये '१०८०पी २४' (सेकंदाला २४ फ्रेम) आउटपुट चालू करा.

आता उजेडातलं एखादं दृश्य लावा, ज्यात मागे मोकळं आकाश किंवा भिंत आहे, आणि टीव्हीजवळ जाऊन बघा. त्या काळचे चित्रपट फिल्मवर घेतलेले असल्याने भिंतीवर बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, हलताना दिसायला हवं. फिल्मवर चित्र उमटतं तेच मुळी या कणांनी. भिंत गुळगुळीत, गालावर एक छिद्र नाही आणि भुवया एकसंध पट्टा, असं असेल तर मास्टर (जिच्यावरून डिस्क काढतात ती प्रत) तयार करतानाच डिजिटल नॉईज रिडक्शन चढवलेलं आहे. मग चित्र मऊ पडलं म्हणून वरून शार्पनिंग केलं जातं, तीच तुमची पांढरी रेघ. या डिस्कला टीव्हीच्या सेटिंगने गुण येणार नाही. पुसलेला तपशील परत येत नाही.

कंपन्या असं का करतात? एक कारण म्हणजे ग्रेन दिसलं की 'चित्र खराब आहे' म्हणून डिस्क परत करणारे ग्राहक. दुसरं कारण हिशेबाचं. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये बदलतं, त्यामुळे ते कॉम्प्रेशनला (चित्र कमी जागेत दाबून बसवायला) जड जातं. एका थराच्या डिस्कवर २५ जीबी, दोन थरांच्या डिस्कवर ५० जीबी मावतात. तीन तासांचा हिंदी चित्रपट २५ जीबीत कोंबला तर आवाजासकट सरासरी सेकंदाला साधारण १८ मेगाबिट मिळतात, ५० जीबीत ३७. ब्लू-रेवर फक्त चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. म्हणजे पहिल्या हिशेबात ग्रेन एकतर आधी पुसायचं, नाहीतर त्याचे चौकोनी ठोकळे होऊ द्यायचे. एका डिस्कवर दोन चित्रपट 'फ्री' मिळत असतील तर घेऊच नका.

डीव्हीडी बरी वाटण्यात स्मरणाचा थोडा हात असतो, पण सगळा नाही. कित्येक डीव्हीडींत ग्रेन पुसलेलं नव्हतं. आणि हो, बसायचं अंतरही बघा. ५५ इंची टीव्हीसमोर सोफा चौदा फुटांवर असेल तर ब्लू-रेचा जास्तीचा तपशील डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. सात-आठ फूट पुरे.

प्रश्न : माझी डीव्हीडी २ तास ५२ मिनिटांची. त्याच चित्रपटाची ब्लू-रे २ तास ५९ मिनिटांची आहे. कापलेली दृश्यं परत घातली आहेत का? (सिडको)

उत्तर : बहुधा एकही नाही. डीव्हीडीच्या वेष्टनावर 'पाल' (टीव्ही प्रक्षेपणाची एक पद्धत) छापलंय का बघा. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, चित्रपटात २४. डीव्हीडी करताना चित्रपट तसाच २५ ने पळवला जायचा, म्हणजे सुमारे चार टक्के जलद. १७२ मिनिटांना २५ ने गुणून २४ ने भागा, १७९ येतात. गाण्यांचा सूरही चढायचा, पेटीवर शेजारच्या पट्टीला जेमतेम कमी पडावा इतका. ब्लू-रेवर गाणं थोडं खाली, संथ वाटलं तर तेच मूळ आहे.

प्रश्न : कृष्णधवल चित्रपटाच्या ब्लू-रेत डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतात. कसे घालवायचे? (नाशिकरोड)

उत्तर : घालवू नका. तेव्हाची चौकट रुंदीला १.३७ तर उंचीला १ अशी, जवळजवळ चौरस. ती १६:९ च्या पडद्याला पुरवायची तर वर-खाली मिळून जवळपास पाव चित्र कापावं लागतं. काही कंपन्या तेही करून विकतात. कपाळं आणि हनुवट्या कापलेल्या दिसल्या तर समजा. टीव्हीत 'झूम' नको, 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' ठेवा, नाहीतर टीव्ही स्वतःच कडा खातो.

प्रश्न : वेष्टनावर '४के रिस्टोर्ड' लिहिलंय, पण डिस्क साधी १०८०पी निघाली. फसवणूक ना? (कॉलेज रोड)

उत्तर : नाही. इथे ४के हे स्कॅनिंगचं माप, म्हणजे रुंदीत सुमारे चार हजार ठिपके. फिल्म ४केमध्ये स्कॅन करून, साफ करून मग १९२० बाय १०८० मध्ये उतरवली तर निकाल चांगलाच येतो. ४के चित्रच हवं असेल तर '४के अल्ट्रा एचडी' डिस्क आणि ती चालवणारा प्लेअर, दोन्ही लागतात.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: स्कॅन कशावरून केलं? कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह सर्वांत उत्तम. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह (मधली पॉझिटिव्ह प्रत), त्यावरून ड्यूप निगेटिव्ह (निगेटिव्हची नक्कल), मग थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला तपशील गळतो. प्रिंटवरून काढलेल्या मास्टरला ४के म्हणून फारसं काही साधत नाही. रंगीत प्रिंट जुनी असेल तर बाकीचे रंग आधी उडतात आणि सगळं गुलाबट होतं, ते दुरुस्त करताना कातडी नारिंगी, सावल्या हिरवट असा नवाच रोग जडतो.

जुन्या मराठी चित्रपटांचं दुखणं इथेच आहे. मूळ निगेटिव्ह उरलेली असणं ही नशिबाची गोष्ट. पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचे कितीतरी डबे २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत गेले. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चीही सगळी रिळं उरलेली नाहीत. तेव्हा प्रिंटवरून का होईना, प्रामाणिकपणे केलेली, ओरखडे थोडे राहिलेले पण ग्रेन शाबूत असलेली डिस्क मिळाली तर ती घ्यावी, असं आमचं मत.

प्रश्न : परदेशातून मागवलेली डिस्क इथे चालेल का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : भारत ब्लू-रेच्या 'सी' विभागात येतो. अमेरिका, जपान 'ए'. युरोप, ऑस्ट्रेलिया 'बी'. वेष्टनामागच्या खुणेत ए-बी-सी तिन्ही असतील तर चिंता नाही. फक्त 'ए' किंवा 'बी' असेल तर इथला साधा प्लेअर नकार देईल. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण सोबत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला असू शकतं.

प्रश्न : पावसाळ्यानंतर काही डिस्क मध्येच अडकतात. (गंगापूर रोड)

उत्तर : ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६. त्यामुळे बुरशीचा पुसट डागही लेझरला अडवतो. मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. जात नसेल तर कापड पाण्याने किंचित ओलं करा. टूथपेस्ट वगैरे घरगुती उपाय ब्लू-रेचा कठीण लेपच घासून काढतात. डिस्क उभ्या ठेवा, भिंतीला चिकटलेल्या कपाटात नकोत, आणि डब्यांजवळ सिलिका जेलच्या पुड्या टाका. साफ करूनही त्याच मिनिटाला अडकत असेल तर ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथे नीट चालली तर तुमच्या प्लेअरची लेन्स साफ करून घ्यायची वेळ झाली आहे.