अमेरिकन लोक ब्रिटिश जेवणाला इतकी नावं का ठेवतात? त्यांचं स्वतःचं जेवण तरी त्याहून चांगलं असतं का?

चार वर्षं इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, लीड्समध्ये काढली, आता नऊ वर्षं झाली नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात राहतेय. त्यामुळे दोन्हीकडचं अन्न पोटात गेलंय आणि दोन्हीकडचे टोमणेही ऐकून झालेत. माझं मत विचाराल तर नावं ठेवणारा अमेरिकन बहुतेक वेळा आपल्या आजीच्या स्वयंपाकाची तुलना लंडनच्या स्टेशनवरच्या गार सँडविचशी करत असतो. आणि आजीच्या त्या स्वयंपाकातलं बरंचसं मुळात इंग्लंडहूनच आलंय, हे त्याच्या गावीही नसतं.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या घरगुती सणाला, तिच्या आईकडे नेलं. साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नावाआधी ‘मिस’ लावायचं, मग तिला नातवंडं का असेनात. आपल्या ‘काकू’सारखंच ते. मी लीड्सहून आलेय हे कळल्यावर या मिस काकूंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “अगं बिचारी! चार वर्षं नुसतं उकडलेलं खाल्लंस?” आणि वाढायला घेतलं. भाजलेली टर्की, पावाचं स्टफिंग, ग्रेव्ही, लोणी घालून घोटलेला बटाटा, मॅकरोनी-चीज, मक्याचा पाव, शेवटी गोड सारण भरून भाजलेले दोन प्रकारचे ‘पाय’ (pie). आणि डुकराच्या धुरी दिलेल्या हाडाबरोबर तीन तास उकडलेला कोलार्डचा पाला. हो, तीन तास, उकडलेला!

मी गप्प बसून जेवले, कारण जेवण अप्रतिम होतं. पण मक्याचा पाव आणि कोलार्ड बाजूला काढले, तर उरलेलं ताट यॉर्कशायरमधल्या कुठल्याही घरी ख्रिसमसला खपून गेलं असतं. पाय इंग्लंडचे. ग्रेव्ही इंग्लंडची. मॅकरोनी-चीज तर इथल्या लोकांना अगदी आपलं वाटतं, पण १७६९ साली इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफल्ड या बाईने छापलेल्या पाककृतींत चीज घातलेली मॅकरोनी आहे. अमेरिकेत ती रुजली त्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या घरी गुलाम असलेल्या, पॅरिसला शिकून आलेल्या जेम्स हेमिंग्जसारख्या आचाऱ्यांचा हात होता. आणि त्या टेबलावरचा ‘आमच्याकडे पूर्वापार चालत आलेला’ फरसबीचा कॅसरोल, म्हणजे सूप घालून ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी, १९५५ साली न्यू जर्सीत कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशाळेवजा स्वयंपाकघरात जन्मला. हे मात्र मी काकूंना अजून सांगितलेलं नाही.

मग ही बदनामी सुरू कुठे झाली? मोठा वाटा दुसऱ्या महायुद्धाचा. १९४२ पासून लाखो अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी गेलेली पोरं, आणि ज्या देशाच्या पंगतीला बसली त्याचं रेशन चालू होतं. माणशी आठवड्याला एक अंडं, पन्नास-साठ ग्रॅम चहा, लोणी-चीजही जवळपास तेवढंच, तेही कमीजास्त व्हायचं. अंड्याची पावडर आणि चोथा न काढलेल्या पिठाचा करडा पाव. अमेरिकेच्या युद्धखात्याने या सैनिकांना जी छोटी पुस्तिका दिली होती तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुणी घरी बोलावून ‘पोटभर जेवा’ म्हणालं तरी हात आखडता घ्या, समोर त्या घराचं आठवड्याभराचं रेशन मांडलेलं असू शकतं. पोरं घरी परतली ती ही चव घेऊन. तिकडे रेशन युद्धानंतरही चालूच होतं, पाव तर युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ रेशनवर होता. शेवटचं बंधन, मांसाचं, उठलं ४ जुलै १९५४ ला. तारीख बघा, नेमका अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन.

१९४० ते १९५४, चौदा वर्षं रेशन, म्हणजे एक अख्खी पिढी कमी लोण्यात स्वयंपाक शिकली. सगळं दूध एकाच सरकारी छापाच्या चीजकडे वळवल्यावर गावोगावचे चीज करणारे बसले ते बसलेच. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून खेड्यातली माणसं गिरण्यांच्या शहरांत गेलेली. १८५१ च्या जनगणनेतच इंग्लंडमधले निम्म्याहून जास्त लोक शहरात राहत होते. परसात भाजी नाही, दारात कोंबडी नाही, मग आजीचा हात नातीच्या हातात उतरणार कसा? इथल्या साउथमध्ये मात्र गरिबी असली तरी परसबाग आणि डुक्कर अगदी परवापरवापर्यंत टिकून होतं. माझ्या मते खरा फरक इथे आहे. चवीच्या अकलेत नाही.

“मसाल्यांसाठी जग जिंकलं आणि घरी येऊन वापरायला विसरले” हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. मला तो पुण्याच्या मामेभावाकडूनही येतो, दर सहा महिन्यांनी. यावर एकच सांगते. अमेरिकन माणूस बर्गरमध्ये, बार्बेक्यूच्या सॉसमध्ये जो वूस्टर सॉस ओततो तो १८३७ पासून इंग्लंडच्या वूस्टर गावचा, आणि त्याच्या आंबटपणात चक्क आपली चिंच आहे. शिवाय जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ‘कंट्री कॅप्टन’ नावाचं चिकन करतात, करी पावडर, टोमॅटो, बेदाणे आणि वरून बदाम घालून. तिथले लोक त्याला आपला जुना खानदानी पदार्थ मानतात. तो आला हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या स्वयंपाकघरातून. मी जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरात खाल्लं. गोडसर, बुजऱ्या स्वभावाची करी, पण ओळख पटली.

आता अमेरिकन लोकांची बाजू. साउथच्या जेवणापुढे ब्रिटिश जेवण फिकं वाटतं हे मलाही मान्य, पण ती कमाई गोऱ्या आजीची एकटीची नाही. पाया इंग्रजी, मका इथल्या मूळ रहिवाशांचा, आणि हात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा. भेंडी त्यांच्याबरोबर आली, चवळी आली, पालेभाजी शिजवलेलं पाणी फेकून न देता पिण्याची रीतही त्यांचीच मानतात. आपल्या माणसाला तर इथे घरच्यासारखं वाटतं. ग्रिट्स म्हणजे सरळसरळ मक्याच्या कण्या. आणि रस्त्याकडेला पेट्रोल पंपाशेजारी मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! पहिल्यांदा दिसल्या तेव्हा नवऱ्याने गाडी इतक्या जोरात थांबवली की मागच्याने हॉर्न मारला.

पण ‘अमेरिकन जेवण’ असं म्हणणारा अमेरिकन मला अजून भेटायचाय. आमच्या पूर्वेकडे अख्खं डुक्कर मंद आचेवर शिजवून व्हिनेगर आणि लाल मिरचीत कालवतात. पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे नुसता खांदा घेतात आणि व्हिनेगरात थोडं केचप घालतात. तेवढ्या केचपवरून दोन बाजूंची माणसं एकमेकांना असं बोलतात की कोल्हापूर-पुणे लाजेल. सिनसिनाटीला स्पॅगेटीवर दालचिनीचा वास येणारा खिमा घालतात आणि त्याला चिली म्हणतात, हे टेक्सासच्या माणसासमोर उच्चारू नका. मिनेसोटाचा हॉटडिश, म्हणजे खिमा, डब्यातलं मशरूम सूप आणि वर बटाट्याच्या वड्या, माझ्या मैत्रिणीने एकदा चाखला आणि म्हणाली, “हे तर अगदी ब्रिटिश आहे.” तिच्या लेखी याहून वाईट शिवी नाही.

हीच मैत्रीण ब्लॅक पुडिंगचं, म्हणजे डुकराच्या रक्ताच्या ब्रिटिश सॉसेजचं, नाव काढलं की नाक मुरडते. तिच्या फ्रीजमध्ये लिव्हर पुडिंग असतं, डुकराचं काळीज शिजवून, वाटून, वडी थापलेलं. सकाळी त्याचे काप तव्यावर परतायचे. आपला तो बाब्या.

टोस्टवर बीन्स या प्रकाराला अमेरिकन सगळ्यात जास्त हसतात. पण त्या बीन्स आल्या कुठून? पिट्सबर्गच्या हाइन्झने १८८६ मध्ये आपला माल लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये नेऊन विकला. पुढे ब्रिटिशांनी त्याच कंपनीच्या बीन्स इतक्या आपल्याशा केल्या की मूळ कुणाचं याचा दोघांनाही विसर पडला. उलटाही प्रकार आहे. मिशिगनच्या उत्तर टोकाला १८४० च्या दशकात तांब्याच्या खाणींवर इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे कामगार आले, त्यांच्या डब्यातली पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आज तिथली शान आहे. तिला मात्र कुणी हसत नाही.

आणि ब्रिटनमधलं प्रांताप्रांताचं खाणं या लोकांच्या वाट्याला जातच नाही. तीन दिवस लंडन, मग पॅरिसची गाडी. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्स बैलाच्या चरबीत तळतात. दुकानात ‘स्क्रॅप्स’ मागितले की तळणीतला कुरकुरीत चुरा वरून भुरभुरून देतात. वडापावच्या गाडीवर “चुरा टाका थोडा” म्हणतो ना, तसंच. लीड्स आणि वेकफिल्डच्या मधे अंधाऱ्या शेडमध्ये रुबार्ब वाढवतात, प्रकाश लागू नये म्हणून मेणबत्त्यांच्या उजेडात तोडतात. फेब्रुवारीच्या थंडीत त्या गुलाबी दांड्यांचा आंबटगोड क्रंबल मी अजून विसरले नाही. हां, तिथल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ब्रसेल्स स्प्राउट्स कसे यायचे तेही विसरले नाही. काकूंचं ‘बिचारी’ तिथे लागू होतं.

मागच्या हिवाळ्यात काकूंना घरी जेवायला बोलावलं आणि मुद्दाम यॉर्कशायर पुडिंग केलं. चरबी धूर येईपर्यंत तापवायची, मगच पातळ पीठ ओतायचं, आणि ओव्हनचं दार मधे उघडायचं नाही. छान फुगले. काकूंनी एक फोडून बघितलं आणि निकाल दिला, “हे तर पॉपओव्हर. उत्तरेकडचे, न्यू इंग्लंडचे लोक करतात.” ग्रेव्हीबरोबर दोन खाल्ले. तिसरं उरलं होतं त्यावर त्यांनी माझ्याकडे काकवी मागितली. लीड्सला आमची घरमालकीण उरलेल्या पुडिंगवर अशीच गोल्डन सिरप ओतायची. मी काकवीची बाटली आणून दिली.