आधी निवड वगळ

चि. पोरी,

अथणीकडचे शेतकरी म्हणाले, "आमचा शाळू आता या रानाला सरावलाय, कमी ओलीवरही तगतो," आणि तेवढ्यावर तू प्रकल्पाचं नाव ठरवून मोकळी झालीस: कमावलेल्या गुणांचा वारसा. त्यात एपिजेनेटिक्सवरचा (डीएनएचा क्रम न बदलता जनुकांचं काम कसं बदलतं, त्याचा अभ्यास) व्हिडिओ बघून 'लामार्कच बरोबर होता' असंही लिहिलंस; म्हणजे जगताना कमावलेले गुण पुढच्या पिढीत जातात असं म्हणणारा तो फ्रेंच शास्त्रज्ञ. शेतकऱ्यांनी पाहिलं ते खरं आहे. तू त्याचा लावलेला अर्थ मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे. निवड म्हणजे जी ताटं तगली त्यांचंच बी पुढं जाणं; बदल नुसत्या तेवढ्यानं आलेला नाही हे पहिल्यांदा दाखव. आधी निवड वगळ.

घरचं बी एकजिनसी नसतं. शाळूत थोडं परपरागण होतंच, त्यामुळे ताटागणिक फरक असतो. ओल कमी पडली की काही ताटं दाणा भरत नाहीत, आणि बियाण्याला बाजूला काढली जातात ती भरलेली कणसं. दहा-बारा हंगामांत सगळं बी बदलतं, पण त्यातलं एकही ताट काही शिकलेलं नसतं.

डेन्मार्कच्या योहान्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं. मिसळीच्या बियाण्यातून मोठे दाणे निवडले की पुढची पिढीही मोठ्या दाण्यांची निघे. एकाच झाडापासून स्वपरागणानं चालत आलेल्या वंशात मात्र मोठा दाणा पेरा नाहीतर बारीक, पिकाच्या दाण्यांची सरासरी तीच. शेंगेतली जागा आणि ओल यांमुळे आलेला फरक त्या दाण्यापुरताच होता.

म्हणून शुद्ध वंशाचं, म्हणजे असं एकाच झाडापासून स्वपरागणानं चालत आलेलं, बी घे. स्वतः करायचं तर कणीस निसवलं की फूल उमलण्याआधी त्यावर कागदी पिशवी चढव. शाळू टोकाकडून खाली फुलत येतो. टोकाला परागकोश लोंबताना दिसले तर उशीर झाला, ते कणीस सोडून दे. दर स्वपरागणाला विषमयुग्मता (जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असणं) निम्मी होते, पाच पिढ्यांनी १/३२ उरते. तुझ्याकडे तेवढी वर्षं कुठली? धारवाडच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या पैदासकारांकडे बी माग की.

पाणी अंदाजानं घालू नकोस. कोरड्या मातीची कुंडी तोल, मग भिजवून निथळल्यावर तोल. फरक म्हणजे पूर्ण ओल. एका गटाला तिच्या ८० टक्क्यांवर ठेव, दुसऱ्याला ४० वर, आणि एक दिवसाआड तोलून भर घाल. ताणात किती रोपं मेली ते लिही. मेलेल्यांची नोंद नसली तर निवड तूच केलीस आणि तुला पत्ताही नाही. पुढं प्रत्येक झाडाचे सारखेच दाणे घे, चांगल्या कणसाचे जास्त नकोत.

बहुतेक प्रयोग फसतात ते पुढच्या पिढीत. ताण सोसलेल्या आईचा दाणा हलका असतो, आणि त्यातला गर्भ आईच्या अंगावरच ताण सोसून आलेला असतो. तेव्हा शंभर दाण्यांचं वजन कर, दोन्ही गटांची एक पिढी सारख्या पाण्यावर वाढव आणि खरी परीक्षा तिच्यानंतरच्या पिढीत घे. गाभण उंदरीत तर तिच्याबरोबर पोटातलं पिल्लू आणि त्या पिल्लाच्या बीजपेशीही (ज्यांतून पुढं त्याची पिल्लं होणार) ताण सोसतात. आईच्या बाजूनं ताण न सोसलेली पहिली पिढी पणतवंडांची. कुंड्यांवर सांकेतिक आकडे दुसऱ्याकडून घालून घे, मोजताना गट कळता कामा नये.

मी जुनाट आहे असं तुला वाटेल. वाटू दे. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइजमननं पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, ९०१ पिल्लांत एकही बिनशेपटीचं निघालं नाही. पण लामार्क बोलत होता ते अवयव वापरण्या-न वापरण्याबद्दल, आणि कापणं म्हणजे ते नव्हे, हा आक्षेप मलाही मान्य आहे. वनस्पतींत बीजपेशी लवकर वेगळ्या होत नाहीत, त्यामुळे झाडाच्या अंगात झालेला बदल बियांत उतरू शकतो, हेही खरं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं वर्णिलेल्या, लिनारिया नावाच्या झाडाच्या विचित्र फुलात डीएनएचा क्रम तोच होता, एका जनुकावर मिथाइलच्या, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक, खुणा होत्या आणि त्या बियांतून पुढं जात होत्या, हे १९९९ मध्ये कळलं. मी ते नाकारत नाही. पण खूण वारशानं जाणं वेगळं, आणि गरजेपोटी उपयोगी गुण घडून तोच वारशानं जाणं वेगळं. दुसरं म्हणायचं असेल तर निवड वगळूनच म्हण. इथं मी तसूभर हटणार नाही, कारण याच ठिकाणी हुशार माणसं घाई करतात आणि तू हुशार आहेस.

शाळूची पेरणी तोंडावर आली आहे. बी कुठून मिळतंय आणि किती वंशांचं, ते आधी कळव. कुंड्या नंतर भरता येतील.